ताट आपटलं त्या संध्याकाळी

सदर : सिस्टरबाईंना विचारा

प्रश्न : सिस्टरबाई, सलाम. माझं वय ३८. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला त्याला चार वर्षं झाली. उजवी बाजू पूर्ण गेली. सगळं समजतं, पण बोलताना शब्द अडकतात. त्यांची अंघोळ, खाणंपिणं, डायपर, सगळं माझ्याकडे. मिस्टर साखर कारखान्यात पाळीवर असतात. थोरले दीर पुण्याला, ते दर महिन्याला पैसे पाठवतात. जाऊबाई रविवारी व्हिडिओ कॉल करतात. मुलांच्या शब्बाथ शाळेचा (रविवारच्या बायबलवर्गाचा) वर्ग मीच घेते, महिला मंडळाची बैठकही आमच्याच घरी. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळे म्हणतात, "सून असावी तर अशी."

दोन महिन्यांपूर्वी पाळकसाहेबांनी बायबलातल्या पौलाच्या पत्रावर, १ करिंथ १३ वर उपदेश केला. सर्वस्व दिलं पण प्रीती नसली, तर काही लाभ नाही. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी तिसऱ्यांदा भात थुंकला आणि मी ताट आपटलं. त्या रडल्या. "प्रभू मला नेत का नाही," म्हणाल्या. खरं सांगते, माझ्याही मनात आलं, हो ना, का नेत नाही? तेव्हापासून मी चर्चमधलं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतलेलं नाही. शेजारच्या काकू दुपारी दोन तास बसायला तयार आहेत, पण आमच्या घरची घाण परक्या बाईला कशी काढायला लावू? माझ्यात प्रेमच उरलेलं नाही. मग ही सेवा देवाच्या हिशेबात धरली जाते का?

– एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : सलाम, पोरी. प्रेमाचं मागाहून बघू. आधी भात.

सासूबाई भात थुंकायला कधीपासून लागल्या? पत्रात ते नाही, आणि मला वाटतं तूही त्याचा विचार केलेला नाहीस. अर्धांगवायूत हातापायांसारखेच गिळण्याचे स्नायूही ढिले पडतात. सुटा, मोकळा भात तोंडात पसरतो, त्याचा घास बांधला जात नाही, मग माणूस घाबरून थुंकतो. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारी हट्ट करतेय. हे जर अलीकडे सुरू झालं असेल, किंवा खाताना ठसका लागत असेल, घशात पाणी असल्यासारखा आवाज येत असेल, तर डॉक्टरांना दाखव. उशीर करू नको. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

तोवर असं कर. आडवं झोपवून भरवू नकोस. पाठीला लोड देऊन ताठ बसव, हनुवटी थोडी खाली. गुरगुट्या भात, मऊ खिचडी, अर्धा चमचाच घास, तोही डाव्या बाजूने, कारण उजव्या गालाला कळतच नाही आत काय आहे ते. जेवण झालं की बोटाला ओला कपडा गुंडाळून उजवा गाल आतून पूस, शितं तिथेच साठलेली असतात. आणि अर्धा तास तरी तशीच बसू दे. एवढं करून बघ, आणि मग मला सांग त्या किती वेळा थुंकतात.

आता तुझा प्रश्न. पाळकसाहेबांनी जे वाचलं ते खरंच आहे, पण पौलाने ते कोणाला लिहिलं हे पाहायला नको का? करिंथची मंडळी म्हणजे भांडणारी मंडळी. अध्याय ११ मध्ये तो त्यांना झापतो की प्रभूच्या भोजनाला तुम्ही जमता आणि एकजण उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो. कोणाचं कृपादान (देवाने दिलेलं वरदान) मोठं यावरून त्यांच्यात चढाओढ. अशांना तो म्हणतो की बाबांनो, स्वतःचं शरीर जाळायला दिलं तरी फुकट. एक गंमत सांगते. काही फार जुन्या हस्तलिखितांत या तिसऱ्या ओवीत 'जाळण्यासाठी' ऐवजी 'प्रौढी मिरवावी म्हणून' अशा अर्थाचा शब्द आहे. ग्रीकमध्ये दोन्ही शब्दांत एकाच अक्षराचा फरक पडतो. मला तो दुसरा पाठच पटतो. ती चपराक मिरवणाऱ्याला आहे. चार वर्षं रात्रीबेरात्री उठून कूस बदलणाऱ्या सुनेला ती नाही.

पुढे वाच. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे." आपल्या मराठीत ही विशेषणं वाटतात, जणू प्रीती म्हणजे एखाद्याचा स्वभाव. आमच्या एका जुन्या पाळकांना ग्रीक चांगलं येत असे. त्यांनी मला सांगितलं की मुळात ही सगळी क्रियापदं आहेत. प्रीती सहन करते, भलं करते, हेवा करत नाही, वाईटाचा हिशेब ठेवत नाही. त्या सबंध यादीत 'मन भरून येतं' असं कुठेही नाही. मन भरून येणं छानच असतं, पण पहाटे चार वाजता डायपर बदलताना कोणाचं मन भरून येतं? माझं तरी कधी आलेलं नाही, आणि मी ३६ वर्षं नर्स म्हणून ड्युटी केली.

पण म्हणून सगळं ठीक आहे असंही मी म्हणणार नाही. तुझ्या पत्रात सासूबाई काय खातात, काय घालतात, कधी थुंकतात हे आहे. त्यांचं स्वतःचं एकच वाक्य आहे, प्रभू मला नेत का नाही. हे मला खटकलं, कारण हीच चूक मी केलेली आहे.

१९७६ साली मी ट्रेनिंगला होते. बायकांच्या वॉर्डात पाथर्डीकडच्या एक आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावलेलं. मी त्यांचं सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे करायची. चादरीला एक सुरकुती नाही, पाठीला पावडर, टाचेखाली मऊ घडी. आजी मात्र जेवत नव्हत्या. भिंतीकडे तोंड. आम्हा नर्सांच्या प्रमुख, मेट्रन, राउंडला आल्या. मला वाटलं बिछाना बघून शाबासकी देतील. त्यांनी ड्रेसिंगच्या टेबलावरचा गॉजचा (जखमेवर लावायच्या जाळीदार कापडाचा) ढीग उचलला, आजींच्या छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, या पोरीला घड्या घालता येत नाहीत. जरा घालून द्या." चक्क खोटं! घड्या मला उत्तम यायच्या. मी लालबुंद झाले. आजींनी माझ्याकडे पाहिलं, एक तुकडा उचलला, कडेचे दोरे आत दुमडले, अंगठ्याने दाबून कोपरा काढला. संध्याकाळपर्यंत चाळीसेक झाल्या असतील. त्या पुढे ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) गेल्या आणि कोणाच्या तरी जखमेवर लागल्या. त्या रात्री आजींनी अर्धी भाकरी खाल्ली. वर मला म्हणाल्या, "तुझं कोपरं वाकडं येत्यात, बाई."

ही काही आमच्या मेट्रनबाईंची एकटीची हुशारी नव्हे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने १९७० मध्ये काम सुरू केलं. ज्या बायकांना गावाने पाणवठ्यापासून लांब ठेवलं, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अशांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबाला साखर-मिठाचं पाणी, सगळं त्याच बघायला लागल्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याच्या हातात देण्यासारखं काही ठेवलं नाही, तर आपल्या सेवेखाली तो दबून जातो.

सासूबाईंचा डावा हात चालतो ना? मेथी निवडायला दे. वेळ लागेल, पसारा होईल, होऊ दे. आणि एक करून बघच. उजवी बाजू गेलेल्या माणसाचे शब्द अडतात, कारण मेंदूची बोलण्याची जागा बहुतेकांच्या डाव्या अर्ध्यात असते आणि झटका तिथेच बसलेला असतो. पण गाणं बऱ्याचदा शाबूत राहतं. 'पाणी' म्हणता न येणारी माणसं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन सलग गाताना मी वॉर्डात पाहिली आहेत. तुझी शब्बाथ शाळेची पोरं एखाद्या रविवारी घरी आण, त्यांच्या खाटेभोवती बसव आणि सासूबाईंना चाल धरायला सांग.

आता तुझ्या घरच्या पुरुषांबद्दल. पत्रात त्यांच्याविषयी एक वाकडा शब्द नाही, म्हणून तो मी लिहिते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढ. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या, कुरकुर झाली. प्रेषितांनी "प्रार्थना करा, सहन करा" असं सांगितलं नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली, पंगतीची सेवा त्यांच्याकडे दिली. सातही पुरुष! स्तेफन त्यातलाच. महिला मंडळावर ढकललं नाही. (हे मी एका मेळाव्यात बोलले तेव्हा मागच्या बाकांवर बराच खोकला झाला.) मिस्टरांची रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात रात्रीची कूस त्यांनी बदलायची. दर दोन तासांनी, आधी डावी मग उजवी. माकडहाड आणि टाचा बघायच्या. तांबडा डाग दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर तिथे जखम धरायला लागली समज. हे त्यांना येत नसेल तर शिकव. आई त्यांची आहे. थोरल्या दिरांना सांग की पैसे पोचले, आभारी आहोत, आता महिन्यातला एक शनिवार-रविवार पाठवा, स्वतःसकट. आणि महिला मंडळाची बैठक तीन महिने दुसऱ्या कोणाच्या तरी घरी होऊ दे. चहा तिथेही मिळेल.

बहीण कामाला हात लावत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या मार्थेचं (लूक १०) उदाहरण तुला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगते. तिने भांडी आपटली नाहीत, थेट प्रभूला जाऊन बोलली. प्रभूने तिला टोकलं, पण तिचं काम बंद केलं नाही. योहान १२ मध्ये बेथानीला पुन्हा जेवण आहे आणि तिथे मार्थाच वाढते आहे, या वेळी तक्रारीवाचून.

शेजारच्या काकूंना हो म्हण. आजच. घाण त्यांना काढायला लावू नकोस हवं तर, नुसतं बसू दे, तू झोप. पण मला विचारशील तर तेही त्यांना करू द्यावं. पेत्राने प्रभूला काय सांगितलं? माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. ती नम्रता दिसते, पण प्रभूने ती मोडून काढली. मला धुऊ दिलं नाहीस तर तुझा माझ्याशी वाटा नाही, म्हणाला. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या, म्हणजे ना. वा. टिळकांच्या, घरी राहायला आल्या तरी किती दिवस सोवळं सांभाळून वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक. मग राहुरीला असताना एके दिवशी त्यांनी ठरवलं की आता कोणाच्याही हातचं खाईन, पिईन. तुमच्या श्रीरामपुराहून राहुरी किती लांब आहे? आपण ख्रिस्ती माणसं वाढायला चटकन उठतो. दुसऱ्याने वाढलेलं घ्यायला मात्र जड जातं.

राहिलं प्रभुभोजन. प्रभुभोजनाविषयीच्या त्याच अध्याय ११ मध्ये पौल म्हणतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. मागे बसावं असं तो म्हणत नाही. तुझी परीक्षा दोन महिने चालली आहे, पुरे झाली. पण त्याआधी घरातलं एक काम आहे. सासूबाईंच्या खाटेशी बस आणि म्हण, त्या दिवशी मी ताट आपटलं, चुकलं माझं. त्यांचे शब्द अडतील, तू पुरे करून देऊ नकोस. थांब. मग पाळकसाहेबांना सांग की प्रभुभोजन घरी, त्यांच्या खाटेपाशी द्या, दोघींना मिळून. ते नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : आमच्या तरुण संघाने नाताळात वीटभट्टीवरच्या कुटुंबांना ब्लँकेटं वाटली. फोटो ग्रुपवर टाकले, तर एका वडीलधाऱ्यांनी "डाव्या हाताला कळू नये" म्हणून सुनावलं. फोटो टाकले नाहीत तर पुढच्या वर्षी वर्गणी कोण देणार?

– तरुण संघाचा खजिनदार, पिंपरी

उत्तर : वर्गणीदारांना हिशेब द्या, बिलाचा फोटो टाका, ब्लँकेटच्या गठ्ठ्याचा टाका. माणसांचा नको. तुझ्या आजीला कोणी चादर देताना असा फोटो काढला असता तर तुला चाललं असतं का?

मला दुसरंच विचारायचंय. ब्लँकेटं हवीत हे तुम्हाला कोणी सांगितलं? भट्टीवर आच असते, पोरं तिच्या उबेला निजतात, पण पायात चप्पल नसते आणि शाळा नसते. कदाचित ब्लँकेटंच हवी असतील, मला काय माहीत, आणि तुम्हालाही माहीत नाही. जानेवारीत परत जा, काही न घेता, चार-पाच जणच. त्यांनी चहा दिला तर घ्या, कोरा असेल. माणसांची नावं विचारून या आणि मला ती नावं कळवा, मग पुढचं बोलू.

(कूस बदलण्याची आकृती काढून पाठवा असं तिघींनी लिहिलंय. माझी चित्रकला यथातथाच, पण नातवाला बसवलंय कामाला. पुढच्या अंकात येईल.)