पोपट खात नाही

प्रश्न : शेजारच्या आजी गेल्या, त्यांचा आफ्रिकन ग्रे पोपट तात्पुरता आमच्याकडे आलाय. खात नाही, छातीची पिसं उपटतो. – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पिंजरा, वाटी, खाणं सगळं जुनंच ठेवा. पिंजरा भिंतीला टेकवा. स्वयंपाकघरात नको, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याची वाफ पक्ष्याला मिनिटांत मारते. नाशिकची थंडी असेल तर रात्री तीन बाजूंनी चादर. वाटी भरलेली दिसली तरी फुंकून बघा, बहुधा नुसती टरफलंच असतात! रोज सकाळी खाण्याआधी, वजनकाट्यावर त्याला बसायला दांडी ठेवून वजन घ्या. वजन दहा टक्क्यांनी घटलं, म्हणजे ४५० ग्रॅमचा ४०५ वर आला, किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर थेट पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. पिसं उपटताना ओरडू नका, तेही त्याला लक्ष दिल्यासारखंच वाटतं. आजींच्या आवाजात हाक मारेल, तेव्हा ओ द्या.