पुण्याच्या आसपास हिवाळ्यात घुबडं कुठे आणि कशी शोधावीत?

तुम्ही लिहिलंय की थंडीत रात्री टॉर्च घेऊन टेकडीवर फिरता, आवाज ऐकू येतात, पण घुबड काही दिसत नाही. आधी तो टॉर्च घरी ठेवा. घुबड शोधायचं ते दिवसाउजेडी. रात्री ते कुठे भटकत असेल याचा नेम नाही. दिवसा मात्र ठरलेल्या जागी बसून असतं आणि त्या जागेखाली पुरावा पडलेला असतो.

पुरावा म्हणजे पांढऱ्या शिटेचे ओघळ आणि गोळे. घुबड उंदीर सबंध गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ते तोंडावाटे टाकून देतं. ताजा गोळा काळपट आणि ओलसर असतो, जुना करडा आणि भुसभुशीत. ताजे सापडले तर मालक आजूबाजूलाच आहे असं समजा. झाडाखालचा किंवा पडक्या वाड्यातला एखादा गोळा घरी आणून पाण्यात भिजवा आणि काडीने हलकेच सोडवा (हातमोजे घालून). आत जबडे निघतात. पुढचे दात पिवळे-नारिंगी असतील तर उंदीर. पांढरे, बारीक, टोकदार दात ओळीने असतील तर चिचुंद्री. मी यात तासन्‌तास रमतो. घरच्यांचं मत वेगळं आहे.

आता जागा. पुण्याकडे मोठं घुबड बघायचं तर शृंगी घुबड. सासवड-पुरंदरकडचे माळ, ओढ्यांच्या उभ्या दरडी, बंद पडलेल्या दगडखाणी हे त्याचं राज्य. दरडीच्या खाली जाऊन वर बघत बसू नका. समोरच्या काठावर, लांब उभं राहून दुर्बिणीने एकेक कपार सावकाश बघत जा. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) साधी दुर्बीण पुरते. शिटेचा ओघळ दिसला की त्याच्या वरची सावली नीट न्याहाळा. तपकिरी दगडाला दोन शिंगं आणि नारिंगी डोळे फुटलेले दिसतील.

पण हाच काळ त्याच्या विणीचाही आहे, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. घरटं असं काही नसतंच. कपारीतल्या उघड्या मातीवर, कधी तर सपाटीवरच्या झुडपाच्या आडोशाला तीन-चार अंडी असतात आणि मादी महिनाभर ती उबवते. तुम्ही जवळ गेलात की ती उडणार, अंडी उघडी पडणार आणि कावळे तर टपलेलेच असतात. म्हणून घुबड तुमच्याकडे टक लावून मान ताणायला लागलं की मागे फिरा. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं तर मुळीच नको. हल्ली फोटोसाठी सर्रास चालतं ते. दुसरं घुबड हद्दीत घुसलं असं समजून ते बिचारं सगळं सोडून धावत येतं.

त्यापेक्षा सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पश्चिमेकडे तोंड करून गप्प बसा. उजेड मावळताना ते कपारीतून निघून एखाद्या उंच दगडावर येऊन बसतं आणि घुमतं, दोन स्वर, दुसरा लांबलेला. प्रत्येक हुंकाराला गळ्यावरचा पांढरा पट्टा फुगतो. अंधुक उजेडात आधी तो पट्टाच दिसतो, पक्षी नंतर.

शहरातच राहायचं असेल तर पिंगळा हे छोटं घुबड आहे. थंडीच्या सकाळी तो ढोलीच्या तोंडाशी उन्हाला बसलेला सापडतो. जुने वड, आंबे, पर्जन्यवृक्ष बघत चला. आणि कान उघडे ठेवा: बुलबुल, सातभाई, कोतवाल आणि खारी एकाच फांदीभोवती कालवा करत असतील, तर तिथे बहुतेक साप, मांजर नाहीतर घुबड असणार.

माळरानावर खास हिवाळी पाहुणं म्हणजे आखूड कानांचं घुबड. ते उत्तरेकडून येतं आणि झाडावर नाही, गवतात जमिनीवर बसतं. संध्याकाळी भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी गवतावरून तरंगत फिरत असतात, त्याच वेळी तेही शिकारीला निघतं. दिसेलच याची हमी नाही. कुसळी गवताची कुसळं मोज्यांत घुसतील याची आहे.

लांब जायची तयारी असेल तर वनपिंगळा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावाच नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. नंतर मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे रात्री फिरायची गरज नाही. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळपास नाहीतच. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच जा.

राहिली माणसं. संध्याकाळी कुणाच्या रानात दुर्बीण घेऊन उभं राहण्याआधी वस्तीवर सांगून ठेवा, नाहीतर चोर समजून हटकतील. उसाच्या कडेने अंधारात एकटे जाऊ नका, बिबट्या असतो. आणि शेतकऱ्यांना विचारताना "घुबड बघितलंय का" असं थेट विचारू नका. अशुभ म्हणून काही जण नाव काढायलाही तयार नसतात. "रात्री खाणीत कोण घुमतं हो दादा?" असं विचारा, मग जागाही सांगतात आणि किती वर्षांपासून आहे तेही. ती जागा फेसबुकवर टाकू नका. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे फिरतात, तेही फेसबुक वाचतात.