'रोध' कोणाचा आणि 'रोधकता' कोणाची?

एका वाचकाने पुढील प्रश्न विचारला आहे. मुलीला शाळेचे विज्ञान शिकवताना त्यांना 'विद्युतरोध' आणि 'रोधकता' असे दोन शब्द भेटले. विज्ञानविषयक लेखांत मात्र 'तांब्याचा रोध कमी असतो' असेही लिहिलेले दिसते, अतिवाहकांविषयी, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर रोध नाहीसा होणाऱ्या पदार्थांविषयी, वाचताना कधी 'शून्य रोध' तर कधी 'शून्य रोधकता' असे आढळते आणि काही ठिकाणी या दोहोंऐवजी 'प्रतिरोध' असतो. हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का, आणि नसल्यास कोणता शब्द कोठे वापरावा?

रोध आणि रोधकता हे समानार्थी शब्द नाहीत. रोध, म्हणजे विद्युतधारेला होणारा अडथळा, हा वस्तूचा असतो आणि रोधकता ही पदार्थाची असते. एखाद्या तारेचा, पट्टीचा किंवा स्फटिकाच्या तुकड्याचा रोध तो तुकडा किती लांब आणि किती जाड आहे यावरही ठरतो, तर रोधकता ही त्या तुकड्याची लांबी आणि काटछेद यांचा हिशेब वजा केल्यावर पदार्थाच्या वाट्याला उरणारी राशी आहे. रोधाला काटछेदाच्या क्षेत्रफळाने गुणून लांबीने भागले की रोधकता मिळते. म्हणूनच रोधाचे एकक ओहम आहे आणि रोधकतेचे ओहम-मीटर.

हा भेद दुर्लक्षिल्यास वाक्य कसे चुकते ते आकड्यांवरून दिसते. खोलीच्या तापमानाला तांब्याची रोधकता सुमारे १.७ मायक्रोओहम-सेंटीमीटर आहे आणि शेगडीच्या वेटोळ्यात वापरल्या जाणाऱ्या नायक्रोमची सुमारे ११०, म्हणजे साठ पटींहून अधिक. तरीही ०.१ चौरस मिलिमीटर काटछेदाची तांब्याची १०० मीटर लांब तार घेतली, तर तिचा रोध सुमारे १७ ओहम भरतो आणि १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या १ मीटर नायक्रोमच्या तारेचा रोध जेमतेम १.१ ओहम असतो. 'तांब्याचा रोध नायक्रोमपेक्षा कमी असतो' हे वाक्य या दोन तारांपुढे खोटे ठरते, पण 'तांब्याची रोधकता नायक्रोमपेक्षा कमी असते' हे वाक्य तारा कोणत्याही घेतल्या तरी खरे राहते. कापसाचे पोते खिळ्यापेक्षा जड असते म्हणून कापसाची घनता लोखंडाहून जास्त ठरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

येथे मराठीच्या विभक्तीमुळे एक अडचण होते. 'तांबे' या धातूचे आणि 'तांब्या' या भांड्याचे षष्ठीचे रूप एकच, 'तांब्याचा'. पदार्थ आणि वस्तू यांतला जो भेद आपल्याला नेमका जपायचा आहे, तोच या रूपात बुजून जातो. 'पाऱ्याचा', 'सोन्याचा', 'जर्मेनियमचा' या रूपांतही थोड्याफार फरकाने हेच घडते, कारण नुसती षष्ठी वापरली की 'सोने या पदार्थाचा' आणि 'हातातल्या या सोन्याच्या तुकड्याचा' हे दोन्ही अर्थ तिच्यात मावतात. विभक्ती जे सांगत नाही ते नामाने सांगावे लागते. म्हणून षष्ठीत पदार्थाचे नाव असेल तर पुढे 'रोधकता' लिहावे, आणि 'रोध' लिहायचा असेल तर षष्ठीत तार, पट्टी, नमुना, वेटोळे अशी एखादी वस्तू आणावी. 'तांब्याची रोधकता' आणि 'तांब्याच्या तारेचा रोध' ही दोन्ही रूपे निर्दोष आहेत.

शब्दांच्या घडणीतही हा भेद आहे. 'अडवणे' या अर्थाच्या 'रुध्' धातूपासून भाववाचक 'रोध' झाला, म्हणजे अडवण्याची क्रिया किंवा अडथळा. त्याच धातूपासून कर्तृवाचक 'रोधक' झाला, म्हणजे अडवणारा. त्याला 'ता' प्रत्यय लागून 'रोधकता', म्हणजे अडवणारा असण्याचा गुण. अडथळा एका ठिकाणी, एका वस्तूत प्रत्यक्ष घडतो, तर गुण पदार्थाच्या अंगी असतो, मग त्या पदार्थाची तार ओढलेली असो वा नसो. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी ही जोडी निवडताना चांगली जाण दाखवली आहे असे मला मनापासून वाटते. जुन्या पुस्तकांत रोधकतेसाठी 'विशिष्ट रोध' असाही शब्द सापडतो. तोही चुकीचा नाही, पण 'रोधकता' सुटसुटीत आहे.

मात्र यावरून 'ता' आला की राशी पदार्थाचीच असणार, असा सरसकट नियम काढू नये. 'उष्माधारकता' (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) हा शब्द 'ता'कारान्त असूनही ती राशी वस्तूची आहे, कारण घागरभर पाण्याची उष्माधारकता पेलाभर पाण्यापेक्षा जास्त असते. पदार्थाविषयी बोलायचे तर तेथे 'विशिष्ट उष्माधारकता' असे म्हणावे लागते. 'वाहकता' या शब्दाचे दुखणे याहून मोठे आहे, कारण मराठी लेखनात तो वस्तूच्या आणि पदार्थाच्या अशा दोन्ही राशींसाठी वापरलेला आढळतो. तेथे 'नमुन्याची वाहकता' किंवा 'पदार्थाची वाहकता' असे स्पष्ट लिहिण्याला पर्याय नाही.

'प्रतिरोध' आणि 'प्रतिरोधकता' ही जोडी हिंदी पाठ्यपुस्तकांतली आहे. ती जशीच्या तशी वापरली तर अर्थाला बाध येत नाही, पण एकाच लेखात 'प्रतिरोध' आणि 'रोधकता' अशी सरमिसळ केली की वाचकाला चार वेगळ्या राशी असल्याचा भास होतो. मराठीत 'रोध' आणि 'रोधकता' रुळलेले असताना ते सोडण्याचे कारण मला दिसत नाही. 'रोधक' हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण तो वाचून कोणाला मंडलातला ठरावीक ओहमचा घटक आठवतो तर कोणाला वीज वाहूच न देणारा पदार्थ. दुसऱ्या अर्थासाठी 'विसंवाहक' हा निःसंदिग्ध शब्द उपलब्ध आहे.

हा भेद केवळ परीक्षेतल्या व्याख्यांपुरता नाही. घन पदार्थांचे गुणधर्म मोजणाऱ्या प्रयोगशाळेत रोजचे बरेचसे कष्ट रोधाकडून रोधकतेकडे जाण्यासाठीच खर्च होतात. उपकरण मोजते तो नेहमी रोध असतो, रोधकता कोणतेही उपकरण थेट दाखवत नाही. रोध मोजतानाही पहिली अडचण येते ती जोडण्यांची. स्फटिकाला चिकटवलेल्या तारांचा आणि जेथे तार स्फटिकाला टेकते त्या जागेचा रोध अनेकदा स्फटिकाच्या रोधापेक्षा मोठा असतो. त्यासाठी चार जोडण्या करतात, ज्या पद्धतीला प्रयोगशाळेत सर्रास 'फोर-प्रोब' म्हणतात. बाहेरच्या दोन जोडण्यांतून विद्युतधारा सोडायची आणि आतल्या दोन जोडण्यांमधील विभवांतर मोजायचे. आतल्या तारांतून धारा जवळजवळ वाहतच नसल्याने त्यांचा आणि त्यांच्या टेकण्याच्या जागांचा रोध मापनात येत नाही. या मांडणीत 'लांबी' म्हणजे स्फटिकाची पूर्ण लांबी नव्हे, तर आतल्या दोन जोडण्यांमधील अंतर होय. जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या स्फटिकावर चांदीच्या पेस्टचे ठिपके दिलेले असतील, तर ठिपक्याची रुंदीच त्या अंतराच्या मानाने नगण्य नसते, आणि अंतर मोजण्यातली ही अनिश्चितता सरळ रोधकतेच्या आकड्यात उतरते.

म्हणूनच शोधनिबंधांतल्या आलेखांच्या उभ्या अक्षावर पुष्कळदा रोधकता नसून गुणोत्तर असते, म्हणजे त्या त्या तापमानाचा रोध भागिले खोलीच्या तापमानाचा रोध. गुणोत्तर घेतले की लांबी आणि काटछेद वर-खाली छेदून जातात, त्यामुळे रोधाचे गुणोत्तर घ्या वा रोधकतेचे, आकडा एकच येतो. धातू किती शुद्ध आहे हे पाहण्यासाठी खोलीच्या तापमानाचा रोध आणि द्रव हेलियमच्या म्हणजे ४.२ केल्विन तापमानाचा रोध यांचे गुणोत्तर काढतात, त्यामागेही हीच सोय आहे. थंड केल्यावर अणूंच्या कंपनांमुळे होणारा अडथळा मावळतो आणि अशुद्धी व दोष यांच्यामुळे होणारा तेवढा उरतो, त्यामुळे गुणोत्तर जितके मोठे तितका नमुना शुद्ध. सपाट पण वेड्यावाकड्या आकाराच्या नमुन्यांसाठी व्हान डर पाव यांनी १९५८ मध्ये आणखी देखणी वाट दाखवली. नमुन्याची जाडी सर्वत्र सारखी असावी, त्याला भोक नसावे आणि चार अगदी लहान जोडण्या कडेवर असाव्यात, एवढ्या अटी पाळल्या तर बाह्याकार कसाही असला तरी दोन मापनांवरून आणि जाडीवरून रोधकता काढता येते.

आता अतिवाहकांविषयी. १९११ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बारीक नळीतल्या गोठलेल्या पाऱ्याचा रोध सुमारे ४.२ केल्विनला एकाएकी नाहीसा झालेला आढळला. पारा निवडला होता तो ऊर्ध्वपातनाने अतिशय शुद्ध करता येतो म्हणून. त्या प्रसिद्ध आलेखाच्या उभ्या अक्षावर ओहम आहेत, ओहम-मीटर नाहीत, म्हणजे तो काचेच्या नळीतल्या पाऱ्याच्या एका धाग्याचा रोध आहे. शून्याला कोणत्याही क्षेत्रफळाने गुणले आणि कोणत्याही लांबीने भागले तरी शून्यच राहते, त्यामुळे एकजिनसी अतिवाहकाबाबत 'शून्य रोध' आणि 'शून्य रोधकता' या दोन्ही शब्दप्रयोगांचा निष्कर्ष एकच होतो, आणि दोन्ही स्वीकारार्ह आहेत.

'एकजिनसी' हा शब्द येथे मुद्दाम घातला आहे. नमुन्यात मिसळलेल्या दुसऱ्याच अतिवाहक पदार्थाचा एखादा बारीक धागा एका जोडणीपासून दुसऱ्या जोडणीपर्यंत अखंड गेला असेल, तर सगळी धारा त्यातून वाहते. अशा वेळी नमुन्याचा रोध शून्य मोजला जातो, पण ज्या पदार्थाची परीक्षा चालली आहे त्याची रोधकता शून्य असतेच असे नाही. म्हणून नुसत्या शून्य रोधावर अतिवाहकतेचा निर्वाळा देत नाहीत. माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवलेला परिणाम, म्हणजे अतिवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर सारतो हा, पदार्थाच्या मोठ्या भागात दिसावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने २०१६च्या अखेरीस शुद्ध बिस्मथचे स्फटिक सामान्य दाबाला ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिवाहक होतात असे जाहीर केले, तेव्हा त्यांचा आधार चुंबकीय मापनांचा होता. असे मापन धाग्याविषयी नव्हे, तर सबंध स्फटिकाविषयी बोलते.

याची उलट बाजू २०२३ मध्ये दिसली. दक्षिण कोरियातून 'एलके-९९' या शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजनयुक्त पदार्थाविषयी, तो खोलीच्या तापमानालाही अतिवाहक असल्याचा दावा आला, आणि पुराव्यात १०० अंश सेल्सियसच्या थोडे वर रोध एकदम घसरल्याचे दाखवले होते. पुढे स्पष्ट झाले की नमुन्यात तांब्याच्या सल्फाइडची भेसळ होती आणि त्या सल्फाइडची स्फटिकरचना सुमारे १०४ अंशांना बदलते, तेव्हा त्याचीच रोधकता झपाट्याने बदलते. जर्मनीत श्टुटगार्ट येथे त्या पदार्थाचे सल्फाइडविरहित स्फटिक वाढवले गेले, तेव्हा ते विसंवाहक निघाले. मापन प्रामाणिक असूनही 'या नमुन्याचा रोध घसरला' येथून 'या पदार्थाची रोधकता घसरली' येथपर्यंतची उडी फसली. तेव्हाच्या अनेक बातम्यांत हे दोन शब्द अदलून-बदलून वापरले जात होते, आणि वाचकाला ही उडी दिसलीच नाही, याची मला आजही खंत वाटते.

पदार्थाची रोधकता म्हणजे एकच आकडा, ही समजूतही सर्वत्र टिकत नाही. ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि थरांना समांतर दिशेने मोजलेली रोधकता थरांच्या आरपार मोजलेल्या रोधकतेच्या शंभराव्या भागाहूनही कमी असू शकते. 'ग्राफाइटची रोधकता किती' हा प्रश्न दिशा सांगितल्याशिवाय अपुरा असतो.

शेवटी एक असा प्रांत येतो की जेथे या दोन शब्दांची एककेच एक होतात. पदार्थ द्विमितीय असला, म्हणजे ग्राफीनचा एकच थर किंवा दोन अर्धवाहकांच्या सीमेवर अडकलेले इलेक्ट्रॉन असले, तर काटछेदाच्या क्षेत्रफळाऐवजी नुसती रुंदी उरते. रोधाला रुंदीने गुणून लांबीने भागले की एकक पुन्हा ओहमच राहते. चौरस तुकडा लहान घ्या वा मोठा, त्याचा रोध सारखाच येतो, म्हणून पातळ थरांवर काम करणारे 'ओहम प्रति चौरस' असे म्हणतात. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अशाच द्विमितीय इलेक्ट्रॉनांचा हॉल रोध (धारेला काटकोनात निर्माण होणारे विभवांतर भागिले धारा) २५,८१२.८०७ ओहम भागिले पूर्णांक अशा पायऱ्यांवर स्थिरावलेला आढळला. ही किंमत नमुन्याच्या आकारावर अवलंबून नाही, केवळ प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांवर ठरते. त्यामुळे तिला 'हॉल रोध' म्हटले काय आणि 'हॉल रोधकता' म्हटले काय, आकडा तोच असतो, आणि एखाद्या लेखात हे दोन्ही शब्द त्याच आकड्यासाठी आले तर ती लेखकाची गफलत समजू नये. त्याच नमुन्यात धारेच्या दिशेने मोजलेल्या रोधाला मात्र ही मुभा नाही, कारण त्याला लांबी-रुंदीच्या गुणोत्तराने भागल्याशिवाय रोधकता मिळत नाही.