वाचकांचे प्रश्न : मोहाचे फूल गळते, मग फळ कशाचे धरते?

प्रश्न : आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यातील कोरची तालुक्यात आहे. मोहाचा हंगाम आला की आम्ही सगळे पहाटेच फुले वेचायला निघतो. बारावीत विज्ञान शिकणारा माझा मुलगा म्हणतो की फुलाचेच फळ होते, तेव्हा जितकी फुले वेचली तितकी फळे बुडाली. सासूबाईंच्या मते वेचण्याने फळ मुळीच घटत नाही. शिवाय झाडाखाली जाळ केला की पुढच्या साली फूल जास्त येते, असेही त्या सांगतात. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : फळाबाबत सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याचा पुरावा तुमच्या टोपलीतच आहे. खाली पडलेले एक ताजे मोहफूल उभे चिरून पाहा. आतल्या भिंतीला पुंकेसर (पराग तयार करणारे भाग) चिकटलेले दिसतील, पण बीजांडकोश, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो भाग, कोठेही सापडणार नाही, कारण जे गळते ते संपूर्ण फूल नसून पाकळ्या एकत्र जुळून झालेला गोड, मांसल दलपुंज असतो. आता झुबक्याकडे वर पाहा : तांबूस लव असलेला निदलपुंज (फुलाचे बाहेरचे आवरण) आणि त्यातून बाहेर आलेले लांब, दोऱ्यासारखे कुक्षिवृंत (कुक्षीचा देठ) झाडावरच राहिलेले दिसेल. बीजांडकोश तेथेच सुरक्षित असतो व पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचेच फळ पिकते. या झाडाची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे टोक, पाकळ्या पुरत्या उमलण्याआधीच कळीतून बाहेर डोकावते आणि रात्री गोडीच्या ओढीने येणारी वटवाघळे या झाडावरचे पराग त्या झाडावर नेतात. म्हणून पहाटे दलपुंज गळतो तोवर त्याचे काम उरकलेले असते. मुलाचा नियमही चुकीचा नाही, तो फक्त गळलेल्या भागाला लागू पडत नाही. मात्र घाईपोटी काठीने फांद्या झोडपल्या तर कळ्याही तुटतात, आणि मग फळ खरोखरच घटते.

जाळाचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. पाचोळा जळाला की जमीन स्वच्छ होते आणि फुले चटकन दिसतात, एवढाच त्याचा उपयोग. उलट झाडाखाली उगवलेली मोहाची रोपे त्यात होरपळतात आणि वारा असला तर वणवा जंगलभर पसरतो. पाचोळा झाडून घ्यावा किंवा खाली जुने लुगडे अथवा जाळी अंथरावी.

फुलांपेक्षा खरी चिंता बियांची आहे. तेलासाठी सगळीच फळे उचलली, तर नवे झाड यायचे कोठून? त्यातच मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते. म्हणून ते साठवून न ठेवता पावसाळ्यातच लावावे. बी कोणत्या झाडाचे निवडायचे, हे सासूबाईंनाच विचारा. वनस्पतिशास्त्राच्या लेखी तुमच्या शिवारातील सगळे मोह एकाच मधुका लाँजिफोलिया या जातीचे असले, तरी कोणत्या झाडाचे फूल अधिक गोड, कोणते आधी गळते आणि कोणते वर्षाआड बहरते, हे वर्षानुवर्षे त्याखाली वेचणाऱ्यालाच ठाऊक असते. जैवविविधता कायदा, 2002 नुसार स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील जीवसृष्टी आणि तिच्याविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंद, ठेवायची असते. मुलाने सासूबाईंबरोबर हिंडून एकेका झाडाची माहिती तीत उतरवून द्यावी.