खोका पोचला, वस्तू नाही

प्रश्न : मी ऑनलाइन विकलेली कॅमेऱ्याची लेन्स पार्सलने पाठवली. ट्रॅकिंगवर बटवडा झाल्याची नोंद आहे. घेणारा म्हणतो, खोका मिळाला पण आत नुसते कागदाचे बोळे होते. टपाल कार्यालयात चौकशी केली तर ‘पार्सल पोचलंय, मग तक्रार कशाची?’ असं ऐकावं लागलं. तक्रार कशी करायची?

उत्तर : सर्वांत आधी तक्रारीचा प्रकार नीट निवडा. ‘पार्सल मिळालं नाही’ असं लिहिलंत तर बटवड्याची नोंद पाहून तक्रार लगेच बंद होते, आणि नियमाप्रमाणे ते चूकही नसतं. अर्जात ‘आतील वस्तू गहाळ’ किंवा ‘पार्सल फोडलेलं’ असा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर पहिल्याच वाक्यात लिहा : ‘पार्सलचा खोका पोचला, परंतु आतील वस्तू मिळाली नाही.’

त्याच दिवशी घेणाऱ्याला कळवा की खोका, चिकटपट्टी, आतले बोळे, पत्त्याचं लेबल यांतलं काहीही टाकू नये. टपाल खातं वेष्टन तपासायला मागू शकतं, आणि ते कचऱ्यात गेलं असेल तर तक्रार तिथेच लंगडी पडते. त्याच्याकडून खोक्याच्या सहाही बाजूंचे, प्रत्येक सांध्याचे आणि लेबलचे फोटो मागवा. त्यानंतर रिकामा खोका बोळ्यांसकट काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा एक फोटो.

या प्रकरणात वजनाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. समजा, पावतीवर वजन १,२४० ग्रॅम आहे आणि लेन्स ७८० ग्रॅमची. म्हणजे खोका आणि बोळे मिळून ४६० ग्रॅम. घेणाऱ्याचा काटा ४५५ दाखवत असेल, तर बुकिंगच्या वेळी वस्तू आत होती आणि नंतर बाहेर गेली, हे आकडेच सांगतात. पावतीवरच ४७० ग्रॅम असेल, तर वस्तू खोक्यात गेलीच नव्हती, घरात शोधा. खोक्यात दगड किंवा रद्दी सापडली आणि एकूण वजन पावतीशी जुळत असेल, तर कोणीतरी विचारपूर्वक अदलाबदल केली आहे. असं प्रकरण सर्वांत अवघड, कारण वाटेतल्या कोणत्याही काट्यावर ते उघड होत नाही. १०-२० ग्रॅमच्या फरकाला मात्र महत्त्व देऊ नका. पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो आणि दोन काटे तंतोतंत जुळत नाहीत. पावतीवर नेमक्या वजनाऐवजी दराचा टप्पा छापलेला असेल, तर बुकिंगच्या नोंदीतलं ग्रॅममधलं वजन मागा.

अनेक मोठ्या वर्गीकरण केंद्रांत पट्ट्यावरून जाताना पार्सलचं वजन आपोआप नोंदलं जातं. म्हणून तक्रारीत स्पष्ट मागणी करा : ‘प्रत्येक टप्प्यावर नोंदलेलं वजन तपासावं.’ ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा घसरला, तिथेच शोध घ्यायचा असतो. एवढ्यावरून कोणा कर्मचाऱ्यावर चोरीचा आरोप मात्र लिहू नका. आरोप लिहिला की चौकशी वस्तूवरून माणसावर घसरते आणि लांबते.

आता चिकटपट्टी पाहा. तुमच्या पट्टीवर दुसरी पट्टी बसली आहे का? पट्टीखाली पुठ्ठ्याचे तंतू उपटले आहेत का? बहुतेक जण वरची झाकणं पाहतात. खोका पुष्कळदा खालून उघडलेला असतो. दुसऱ्या पट्टीवर टपाल खात्याचं नाव, शिक्का किंवा ‘खराब अवस्थेत मिळालं’ असा शेरा असेल तर ती तुमच्या बाजूची गोष्ट आहे : नुकसान वाटेतच त्यांच्या लक्षात आलं होतं. अशा वेळी पार्सलचं पुन्हा वजन करून नोंद ठेवण्याची पद्धत आहे. त्या अहवालाची प्रत मागा.

अर्ज पानभर नको. ट्रॅकिंग क्रमांक, बुकिंगची तारीख आणि कार्यालय, दोन्ही पत्ते, बुकिंगचं वजन, आत्ताचं वजन, वस्तूचं वर्णन (कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, एखादा ओरखडा), विक्रीची रक्कम आणि तिचा पुरावा, वेष्टनाची अवस्था एवढं पुरे. वर्णनात कंजूषी करू नका. फुटलेल्या पार्सलमधून सांडलेल्या वस्तू टपाल खात्यात वेगळ्या गोळा होतात, आणि तिथे ‘एक लेन्स’ या दोन शब्दांवर काहीही शोधता येत नाही. ‘सुट्या सापडलेल्या वस्तूंमध्ये शोध घ्यावा’ ही ओळ मुद्दाम घाला. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

प्रश्न : साध्या पाकिटातून पेन ड्राइव्ह पाठवला. पाकीट पोचलं, एका टोकाला भोक, आत काही नाही. ही चोरीच ना?

उत्तर : बहुधा नाही. पत्रांची छाननी करणाऱ्या यंत्रात पाकीट रुळांच्या आणि पट्ट्यांच्या मधून वेगाने जातं आणि वळणावर वाकतं. कागद वाकतो, पेन ड्राइव्ह वाकत नाही; तो पुढच्या कडेवर आदळून पाकीट फाडून बाहेर उडतो. किल्ल्या आणि नाणी अशीच हरवतात. भोकाची कड पाहा. आतून बाहेर फाटलेली, दातेरी, एका टोकाशी असेल तर ते यंत्राचं काम. सरळ, स्वच्छ चीर असेल किंवा गोंदाची घडी उकलून पुन्हा चिकटवली असेल, तर कोणीतरी उघडलं आहे.

साध्या टपालाला क्रमांक नसतो, त्यामुळे भरपाईची आशा जवळजवळ नसते. तरी शोध-तक्रार करा, कारण यंत्राजवळ सांडलेल्या वस्तू सापडतात. पेन ड्राइव्ह पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटवून, जाड पाकिटात, वस्तू म्हणून बुक करून पाठवायचा असतो.

प्रश्न : पार्सल परदेशी गेलं होतं. घेणाऱ्याने सही करून घेतलं आणि नंतर उघडल्यावर वस्तू नव्हती. तक्रार त्याने करायची की मी? मुदत किती?

उत्तर : दोन देशांमधलं टपाल जागतिक टपाल संघाच्या नियमांनी चालतं. चौकशीची मुदत पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६ महिने. बटवड्यापर्यंत हक्क पाठवणाऱ्याचा असतो. फोडलेलं पार्सल घेणाऱ्याच्या हाती पडल्यावर भरपाई मागण्याचा हक्क त्याच्याकडे जातो. तो हक्क तो लेखी सोडून तुम्हाला देऊ शकतो. म्हणून एकाने नव्हे, दोघांनी हालचाल करा : त्याने आपल्या टपाल कार्यालयात वेष्टन दाखवून तिथे अहवाल करून घ्यावा, तुम्ही तुमच्या बाजूने चौकशी सुरू करावी. पार्सल किंवा नोंदणीकृत टपालातल्या अशा नुकसानीच्या अहवालाचा ठरलेला नमुना आहे, सीएन २४. नाव घेऊन मागितला की काम लवकर होतं.

त्याची सही ही मोठी अडचण आहे. काहीही आक्षेप न घेता पार्सल स्वीकारलं की टपाल खात्याची जबाबदारी सामान्यतः संपते. या अडचणीतून सुटण्याची वाट अरुंद आहे : घेणाऱ्याने अजिबात उशीर न करता कळवायला हवं आणि नुकसान बटवड्यानंतर झालेलं नाही हे पुराव्याने दाखवायला हवं. इथे पुन्हा वजनच कामाला येतं. यापुढे प्रत्येक घेणाऱ्याला सांगून ठेवा की खोका हलका वाटला, सांधा उसवलेला दिसला, तर सही करण्याआधी पोस्टमनसमोर तसा शेरा लिहायचा.

ट्रॅकिंग क्रमांक नीट उतरवा. दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. नववा अंक आधीच्या आठांवरून काढलेला असतो. एक अंक चुकला तरी संगणक बहुतेक वेळा क्रमांक नाकारतो. पहिलं अक्षर सेवा सांगतं : ‘आर’ नोंदणीकृत, ‘व्ही’ विमा उतरवलेलं, ‘सी’ पार्सल, ‘ई’ एक्सप्रेस.

खोक्यावर सीमाशुल्काची (कस्टम्सची) पट्टी असेल तर सीमाशुल्क खात्याकडेही विचारा. त्यांनी जप्त केलेल्या वस्तूची भरपाई टपाल खातं देत नाही. निषिद्ध वस्तूंचीही नाही. बाकी सगळं आहे आणि फक्त सुटी लिथियम बॅटरी नाही, अशी तक्रार असेल तर ती तपासणीत काढली गेली असण्याची शक्यता आधी पडताळा. विमानाने जाणाऱ्या टपालात सुट्या लिथियम बॅटरीला परवानगी नसते.

प्रश्न : भरपाई किती मिळते? तोवर घेणाऱ्याचे पैसे अडवून ठेवावेत का?

उत्तर : परदेशी टपालात हिशेब वस्तूच्या, पार्सल टाकलं त्या ठिकाणच्या आणि त्या वेळच्या चालू किमतीवर होतो. वापरलेल्या लेन्सला नव्या लेन्सचा भाव मिळत नाही. बुडालेला नफा आणि मनस्ताप हिशेबात येत नाहीत. विमा नसेल तर भरपाईला सेवेनुसार ठरलेली कमाल मर्यादा असते आणि महाग वस्तूसाठी ती अपुरी पडते. विमा उतरवला असेल तर विम्याची रक्कम हीच मर्यादा. जाणूनबुजून खऱ्या किमतीपेक्षा जास्त रकमेचा विमा उतरवला असेल तर काहीच मिळत नाही. सीमाशुल्काच्या कागदावर कर वाचवायला किंमत कमी लिहिली असेल, तर तोच कागद तुमच्या मागणीविरुद्ध उभा राहतो.

घेणाऱ्याचे पैसे या चौकशीला बांधू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. टपाल खात्याशी करार तुमचा आहे, त्याचा नाही, आणि चौकशीला महिने लागू शकतात. वजनं त्याचं म्हणणं खरं ठरवत असतील तर पैसे परत करा आणि परत केल्याचा पुरावा तक्रारीला जोडा. विक्रीच्या संकेतस्थळावरच्या वादाची मुदत वेगळी आणि बरीच कमी असते. टपालाचं उत्तर यायची वाट पाहिली तर ती निघून जाते. वजनं त्याच्या म्हणण्याशी जुळत नसतील तर तेच आकडे आणि तेच फोटो संकेतस्थळाकडे मुदतीत पाठवा.