स्क्रबरच्या ओव्हरबोर्डची ओल : सेन्सर नंतर बघ, आधी ती पुट्टी काढ

तू विचारलंयस तुझ्या बोटीच्या स्क्रबरच्या, म्हणजे इंजिनाच्या धुरातला सल्फर समुद्राच्या पाण्याने धुणाऱ्या यंत्राच्या, पीएएच (धुरातून पाण्यात आलेले तेलकट अंश) आणि टर्बिडिटी (गढूळपणा) या अलार्मबद्दल, आणि वरच्या सगळ्यांनी त्याचीच उत्तरं दिली आहेत. पण तुझ्या पोस्टमध्ये मध्येच एक वाक्य आहे : "ओव्हरबोर्डच्या डिस्टन्स पीसला ओल दिसत होती, फिटरने पुट्टी भरली, आता कोरडं आहे, ऑफिस म्हणतंय ड्रायडॉकपर्यंत लक्ष ठेवा." ओव्हरबोर्ड म्हणजे ते धुतलेलं पाणी समुद्रात सोडणारा पाइप, आणि डिस्टन्स पीस म्हणजे त्याचा हलला, बोटीच्या बाहेरच्या कवचाला, जोडलेला शेवटचा तुकडा. ते वाक्य वाचून पोटात गोळा आला. जवळजवळ याच शब्दांत मी ऑफिसला मेल लिहिला होता. म्हणून अलार्मचं शेवटी बघू.

वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय. थर्ड इंजिनियर आहेस, म्हणजे तेलातल्या सल्फरची ०.५० टक्क्यांची मर्यादा, ओपन लूप (धुतलेलं पाणी सरळ समुद्रात), क्लोज्ड लूप (तेच पाणी फिरवत राहायचं) हे तुला पाठच असणार, त्यात वेळ घालवत नाही. आणि मी क्लासचा, म्हणजे बोट तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेयर नाही. तुझ्या बोटीची ड्रॉइंग मी पाहिलेली नाहीत. जे लिहितोय ते एका बोटीवर सोसलेलं आहे, तेवढंच समज.

आमची केप साइझ बल्क कॅरियर, म्हणजे खनिज वाहणारी अजस्र मालबोट. २०१९ मध्ये सगळ्यांची जी घाई चालली होती त्यात चीनमधल्या एका यार्डात स्क्रबर बसवलेला. मी चीफ इंजिनियर म्हणून चढलो तेव्हा त्याला दीड वर्ष झालं होतं. ब्राझीलहून लोहखनिज भरून चीनकडे निघालो होतो. स्टारबोर्ड बाजूला फ्लोअर प्लेटच्या खाली, हलच्या प्लेटला जिथे डिस्टन्स पीस वेल्ड केलाय तिथे, सेकंड इंजिनियरला आरशात एक ओघळ दिसला. नुसत्या टॉर्चने दिसला नसता, वेल्ड खालच्या अंगाला होता. रुपयाएवढा रंगाचा फुगा, आणि त्यातून तपकिरी पाणी, मिनिटाला एखादा थेंब.

मी फोटो काढून पाठवले. उत्तर आलं, "नोंद घेतली, लक्ष ठेवून कळवत राहा." मग माझी चूक. फिटरला सांगून गंज घासून काढला, इपॉक्सी पुट्टी भरली, वरून रंग मारला, आणि कोरड्या ठणठणीत पाइपचा फोटो पाठवला. त्या फोटोनंतर ऑफिसच्या लेखी विषय संपला. मी पुढे दोनदा डायव्हर आणि जाडी मोजणारा माणूस मागितला, दोन्ही वेळा माझाच तो फोटो मला परत जोडून आला. त्यांची अडचण मला कळत होती : स्क्रबर बंद म्हणजे कमी सल्फरचं महाग तेल, आणि स्क्रबरवर घातलेला पैसा वसूल करायचा होता. पण बोटीवर असलेल्या माणसाच्या तीन मेलपेक्षा एका फोटोवर जास्त विश्वास ठेवणारं ऑफिस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आजही ते आठवलं की संताप येतो. आम्ही वीस-बावीस जण त्या पाण्याच्या वर झोपत होतो.

त्या पाइपात काय वाहतं ते डोळ्यांसमोर आण. धुरातला सल्फर धुऊन निघालेलं कोमट समुद्राचं पाणी, टॉवरखाली पीएच ३ च्या आसपास, वर क्लोराइड. ओपन लूपला मेगावॉटमागे ताशी ४५ टन हा हिशोब धर, १० मेगावॉटला ताशी ४५० टन झाले. बाकीची लाइन बहुतेक जीआरईची, म्हणजे काचतंतू घातलेल्या इपॉक्सीची असते, तिला या आम्लाचं काही वाटत नाही. पण हलजवळचा शेवटचा तुकडा स्टीलचा, आणि त्याला वाचवतो फक्त आतला कोटिंगचा थर. त्यात टाचणीएवढी जागा उघडी पडली की सगळा हल्ला त्याच टाचणीवर होतो. तू बाहेरून पुट्टी भरतोस तेव्हा थेंब थांबतो, आतलं खाणं थांबत नाही. उलट, ते किती वाढलं हे सांगणारी एकमेव खूण आपण आपल्या हाताने पुसतो.

आणि ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघ. डिस्टन्स पीस व्हॉल्व्हच्या आणि समुद्राच्या मध्ये असतो. तिथे भोक पडलं तर व्हॉल्व्ह बंद करून, स्क्रबर थांबवूनही काही होत नाही, समुद्र थेट इंजिनरूममध्ये येतो. लोडेड बोटीला तो भाग पाण्याच्या बराच खाली असतो, धार कोपराएवढी जाड भासते.

आमच्याकडे हिंदी महासागरात पहाटे पावणेतीनला बिल्जचा, म्हणजे इंजिनरूमच्या तळाशी पाणी साचल्याचा, अलार्म वाजला. पुट्टीसकट बोटभर रुंदीचा तुकडा निघून गेला होता. रबर शीट, वर वाकवलेली प्लेट, क्लॅम्प, आणि मग सिमेंट बॉक्स, म्हणजे गळतीभोवती पेटी करून आत ओतलेलं सिमेंट. सिमेंट धरेपर्यंत सहा तास दोन ऑइलर तिथे पाण्यात गुडघ्यावर बसून होते. त्या पोरांचे हात मी विसरलेलो नाही.

पुढचा पेच तेलाचा. सिंगापूर नेहमीच्या वेगाने सहा दिवस, आणि ०.५० चं तेल चार दिवसांचं. स्क्रबर आहे म्हणून तेवढंच ठेवलेलं. टाक्या भरून हाय सल्फर, पण स्क्रबरशिवाय ते जाळता येत नाही. वेग १३ वरून १० नॉटवर आणला तेव्हा जेमतेम पुरलं. सिंगापूरला डायव्हरनी बाहेरून ब्लँक (पाणी अडवणारं झाकण) लावला, आतून नवा तुकडा वेल्ड केला. सहा दिवस ऑफ-हायर, म्हणजे बोटीचं भाडं बंद. अहवालात माझ्या नावापुढे आलं : "दोषाचं गांभीर्य कळवण्यात दिरंगाई."

त्या वाट बघण्याच्या दिवसांत यार्डाची फाइल काढून बसलो. कोटिंगच्या तपासणीच्या कागदावरची तारीख वेल्डिंगच्या तपासणीच्या चार दिवस आधीची होती. म्हणजे आधी आतून कोटिंग, मग हलला वेल्ड, आणि वेल्डच्या उष्णतेने जळालेला पट्टा कुणी परत रंगवला नाही. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, माझ्याच केबिनमध्ये होते. तुझ्या बोटीवर ही फाइल आजच शोध.

आता करायचं काय. चीफला विश्वासात घे, त्यांना डावलून ऑफिसला काही लिहू नकोस. सिमेंट बॉक्सचं सामान, क्लॅम्प, रबर जागेवर तयार ठेवल्याशिवाय पुट्टीला हात लावू नकोस. चिपिंग हॅमर तर त्या पाइपाच्या जवळपासही नको, पाण्यावर असताना संशयित पाइप ठोकून बघायचा नसतो. अल्ट्रासोनिक गेज बोटीवर असेल तर वेल्डच्या दोन्ही अंगांना घड्याळाच्या बारा आकड्यांप्रमाणे बारा ठिकाणी मोज, खालच्या बाजूला जास्त जवळजवळ. जिथे पुट्टी आहे तिथलं मोजमाप खरं येणार नाही, तिच्या कडेने घे. मग मेल लिही, पण "ओल", "डाग" असे शब्द नकोत. "समुद्राच्या बाजूचा हलला जोडलेला पाइप, व्हॉल्व्हने वेगळा करता येत नाही, उरलेली जाडी इतकी मिलिमीटर, क्लासला कळवावं ही विनंती." क्लास हा शब्द आला की ऑफिसला ते फोटोवर मिटवता येत नाही. माझं मत असं की ०.५० चं तेल जवळच्या सुरक्षित बंदरापर्यंत पुरेल एवढं नेहमी हवंच, मग चार्टरर (बोट भाड्याने घेणारा) काहीही म्हणो. आयएमओचं (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं) ८८३ क्रमांकाचं परिपत्रक वाचून ठेव : बिघाड तासाभरात सुटला नाही तर नियमात बसणाऱ्या तेलावर जायचं आणि फ्लॅगला (बोटीची नोंदणी असलेल्या देशाला) व बंदराला कळवायचं.

स्क्रबर बंद केल्यावर लाइन समुद्राच्या पाण्याने नीट फ्लश करता का? आमच्याकडे सिंगापूर, फुजैरासारख्या बंदरांत ओपन लूप बंद असायचा, आणि ते आंबट पाणी आठवडाभर खालच्या बेंडमध्ये साचून राहायचं. डेन्मार्कने तर १ जुलै २०२५ पासून बारा मैलांच्या आत हे पाणी सोडायला बंदी केली आहे, म्हणजे असे बंद-चालू प्रसंग वाढतच जाणार.

तुझे अलार्म : मर्यादा आत येणाऱ्या पाण्यापेक्षा किती वाढलं यावर असते, पीएएचला लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, टर्बिडिटीला २५ युनिट. त्यामुळे आतल्या बाजूच्या सेन्सरची काच मळली तरी फरक फुगू शकतो, आणि सगळे बाहेरचीच काच पुसत बसतात. दोन्ही एकाच दिवशी पुस. टर्बिडिटी नुसती उड्या मारत असेल तर बहुतेक सॅम्पल लाइनमध्ये हवेचे बुडबुडे आहेत, ते काढणारा डीबबलर बघ. पीएच सेन्सर जुळवायच्या बफर सोल्यूशनची मुदत तपास. आणि जे कराल ते रेकॉर्ड बुकात वेळेसकट लिहा, पोर्ट स्टेटवाला (बंदरातला सरकारी तपासनीस) आधी तेच उघडतो.

मोजमापं आली की इथे टाक. ड्रॉइंगवर डिस्टन्स पीसची मूळ जाडी असते, तीही लिही, आणि बोट सध्या लोडेड आहे की बॅलास्टमध्ये (मालाशिवाय) ते सांग. बॅलास्टमध्ये असाल तर ट्रिम करून, म्हणजे बोट पुढे-मागे झुकवून, तो भाग पाण्याच्या वर येतो का, हे चीफ ऑफिसरला आजच विचार.