कोबीतला किडा, मेंदूतली गाठ आणि मिठाचं पाणी

कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणून सासूबाईंनी कोबी बंद केलाय, मिठाच्या पाण्यात भिजवून चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

कोबीवरची हिरवी अळी आणि मेंदूतली गाठ यांचा काडीचा संबंध नाही. ती अळी पतंगाची किंवा फुलपाखराची. चुकून शिजलीच तर किळस येईल, एवढंच. मेंदूत गाठी होतात त्या टीनिया सोलियम या पट्टकृमीमुळे. अर्धंकच्चं डुकराचं मांस खाल्लेल्या माणसाच्या आतड्यात तो वाढतो आणि त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ती सांडपाण्यातून भाजीवर आली किंवा न धुतलेल्या हातांनी ताटात पोचली, की मांसाला कधीही न शिवलेल्या माणसालाही मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. ही अंडी मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाहूनही लहान असतात. निवडताना ती दिसणार कशी?

म्हणजे प्रश्न पाण्याचा आहे. मुंबईत रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकवलेला पालक-माठ लोकलमधून कोणी पाहिला नाही? मळ्यातून स्वच्छ आलेली जुडीही बाजारात कुठल्या बादलीत बुचकळली जाते, देव जाणे.

मिठाने अळ्या बाहेर येतात, अंडी मरत नाहीत. व्हिनेगरचंही तेच. क्लोरीनच्या गोळ्यांनी बरेच जिवाणू मरतात, पण भाजीवरून येणाऱ्या दुसऱ्या एका कृमीच्या, गोल जंताच्या, अंड्याचं कवच त्यांना दाद देत नाही. वर ते चिकट, आणि मातीत वर्षानुवर्षं टिकणारं. उकळी मात्र कोणालाच सोसत नाही. त्यामुळे शिजवलेला कोबी बिनघोर खा.

मला विचाराल तर कोबीपेक्षा कोथिंबिरीकडे बघा. पुदिन्याची चटणी, मुळ्याचा पाला, पचडी, भेळेवर भुरभुरलेली कोथिंबीर, हे सगळं कच्चंच पोटात जातं. मुळं आणि मातीकडचे देठ आधी कापून टाका. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन जुडी मोकळी करून खळबळा आणि भाजी वर उचलून घ्या. पातेलं तिच्यावर ओतलंत तर तळाची माती परत भाजीवरच. पाणी नितळ येईपर्यंत असं करा, मग एकेक मूठ नळाखाली धरा. अंडी मरत नाहीत, पण निघून जातात. धोका खूप कमी होतो, शून्य नाही. कोबीची पचडी करायची तर बाहेरची पानं काढून बाकीची सुटी करून धुवा, चिरल्यावर नव्हे.

आणि घरात कोणाला फिट आली असेल तर जंताची गोळी परस्पर देऊ नका. मेंदूतल्या गाठी औषधाने मरायला लागल्या की सूज वाढते. आधी डॉक्टर आणि स्कॅन, गोळी त्यांनी सांगितली तरच.